शेठचा जुना ट्रक घ्यावा, की नव्यासाठी थांबावं?

पत्र: मी औसा तालुक्यातला, वय ३२. दहा वर्षांपासून लातूरच्या एका शेठकडे सहा टायरचा ट्रक चालवतो. तोच ट्रक, २०११ चं मॉडेल, शेठ मला साडेसहा लाखांना देतो म्हणतात. चार लाख आत्ता आणि उरलेले अडीच लाख दर महिन्याला २५ हजारांप्रमाणे. पैसे फिटले की गाडी नावावर करून देऊ, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे पाच लाख साठलेत. लातूरहून हैदराबादला डाळ न्यायची आणि येताना कर्नाटकातल्या सेडम-वाडीकडून सिमेंट भरून आणायचं, असा बेत आहे. बायको म्हणते, दोन-तीन वर्षं अजून थांबा, पण नवाच घ्या. वडील म्हणतात, कमी पडले तर अर्धा एकर रान गहाण टाकू, पण दुसऱ्याची चाकरी सोड. धाकटा भाऊ जीप चालवतो, तोही माझ्याबरोबर येईल म्हणतो. काय करावं?

उत्तर: भाऊ, हा ट्रक घेऊ नका. आणि नवाही घेऊ नका. आधी शेठच्या ट्रकचं बोलू, कारण तुमचा जीव त्याच्यात अडकलाय हे पत्रावरून दिसतंच आहे.

तुमचा सगळा बेत हैदराबादवर उभा आहे. महाराष्ट्राची हद्द ओलांडून नेहमी धंदा करायचा तर नॅशनल परमिट लागतं. दोन ॲक्सलच्या, म्हणजे तुमच्या सहा टायरसारख्या गाडीला ते १२ वर्षांपर्यंतच मिळतं. मल्टिॲक्सलला, म्हणजे दोनाहून जास्त ॲक्सलच्या गाडीला, १५ वर्षं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. २०११ च्या गाडीची १२ वर्षं २०२३ मध्येच भरली. आता आठवून बघा, गेल्या दोन-तीन वर्षांत शेठनी तुम्हाला हैदराबाद, बिदरकडे किती वेळा पाठवलं? बहुतेक फेऱ्या सोलापूर, पुणे, संभाजीनगर अशाच झाल्या असतील. तुम्हाला वाटलं असेल, तिकडचं भाडं कमी झालं. भाडं होतं, परमिट नव्हतं. प्रत्येक फेरीला तात्पुरतं परमिट काढून धंदा करता येतो म्हणणारे भेटतील, पण महिन्याला आठ फेऱ्या करणाऱ्यानं कागद काढत बसायचं की गाडी चालवायची? थोडक्यात, ज्या कामासाठी तुम्ही ही गाडी घेताय, त्या कामाचं तिचं वय उलटून गेलंय.

शेठ वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. पण गाडी विकायची वेळ त्यांनी बरोबर साधली आहे, गाडी पंधराच्या घरात आली आहे. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, असं आपल्याकडे चहाच्या टपरीवर ठामपणे सांगतात. ते खरं नाही. तो वयाचा कायदा दिल्लीकडचा. आपल्याकडे फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर धावण्यालायक आहे का याची तपासणी, पास झाली की गाडी चालते. मात्र १५ वर्षांवरच्या ट्रकच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून दीड हजारांवरून साडेबारा हजारांवर गेली आणि त्यानंतरही दर हलले आहेत. आजचा आकडा लातूरच्या आरटीओत स्वतः विचारा, एजंटाला नको. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीची फिटनेस दरवर्षी काढावी लागते, पर्यावरण कर वेगळा. १२ ते २० टनांच्या गटातल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानं ३५,३१३ रुपये, त्यावर कर. गाडी जुनी म्हणून थर्ड पार्टीत एक रुपयाची सूट मिळत नाही. ट्रक दोन लाखांचा असो की तीस लाखांचा, रस्त्यावर तो दुसऱ्याचं तेवढंच नुकसान करू शकतो, एवढाच त्यामागचा हिशेब.

म्हणजे चार लाख शेठला दिले की तुमच्या हातात एक लाख उरला. त्यातून विमा, फिटनेस आणि पासिंगच्या, म्हणजे फिटनेस तपासणीच्या, आधीचं डागडुजीचं काम. पासिंगला गाडी न्यायची म्हणजे दिवे, रिफ्लेक्टर, रंग, फाळक्याच्या कड्या, सगळंच निघतं. पुढचे दोन टायर नवे टाकले की लाख संपला. शेठचा पहिला २५ हजारांचा हप्ता तर दारात उभाच. त्या महिन्यात क्लच प्लेट गेली तर? गाडी गॅरेजला, तुम्ही घरी आणि हप्ता चालूच. जुना ट्रक घेतलेली माणसं बुडतात ती बहुतेक वेळा गाडी खराब निघाली म्हणून नाही, तर पहिल्या दुरुस्तीला खिशात पैसे नव्हते म्हणून. तीच गाडी, तेच इंजिन. ज्याच्याकडे दीड लाख बाजूला होते त्यानं आठ दिवसांत गाडी रस्त्यावर आणली आणि ज्याच्याकडे नव्हते त्यानं सावकार गाठला.

आता ते ‘पैसे फिटले की नाव करू’. याला मी कधीच हो म्हणणार नाही. दहा महिने गाडी शेठच्या नावावर, चालवणार तुम्ही, कमावणार तुम्ही. या काळात गाडीला मोठा अपघात झाला आणि तिचं नुकसान झालं, तर विम्याचा क्लेम पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा. तुमच्या चार लाखांची नोंद विमा कंपनीकडे कुठेच नाही. शेठच्या दुसऱ्या कर्जापायी बँकेनं किंवा फायनान्सवाल्यानं त्यांच्या नावावरच्या गाड्यांवर बोट ठेवलं, तर ‘ही मी घेतलीय’ हे तुम्ही कोणत्या कागदावर दाखवणार? आणि गंमत म्हणजे यात शेठचाही फायदा नाही. गाडी विकली तरी आरटीओच्या पुस्तकात ज्याचं नाव, भरपाईला जबाबदार तोच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. हे शेठना जाऊन सांगा. कदाचित ‘नाव नंतर’ची गोष्ट ते स्वतःच सोडून देतील.

तुम्ही म्हणाल, दहा वर्षं चालवतोय, ‘गाडीची नस न् नस मला माहीत आहे.’ हा तुमचा मोठा जमेचा मुद्दा आहे, मान्य. परक्याची जुनी गाडी घेणाऱ्याला जे कधीच कळत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे: हाफ इंजिन (इंजिनचं अर्धं काम) कधी झालं, गिअरबॉक्स कितीदा उघडला, कुठल्या घाटात गाडी तापते. पण रोज ऐकलेल्या आवाजाला कान सरावतो. दहा वर्षांत हाउसिंगचा (मागच्या ॲक्सलच्या पेटीचा) आवाज हळूहळू वाढत गेला असेल, तर तो तुम्हाला आवाज वाटतच नाही, गाडीचा स्वभाव वाटतो. म्हणून ही गाडी असो की दुसरी, तिची पारख अशा मिस्त्रीकडून करून घ्या ज्यानं ती आधी कधीच पाहिलेली नाही. पहाटे, इंजिन थंड असताना. बॉनेटला हात लावून बघायचं. आधीच कोमट असेल तर विकणाऱ्यानं गाडी चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी यायचं. सेल्फ मारल्यावर धूर कुठल्या रंगाचा, हे बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी उघडा. तिथून भसाभस वाफा येत असतील तर लायनर-पिस्टनचं काम जवळ आलंय.

मग गाडीखाली झोपा. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरले असतात, त्या ब्रॅकेटच्या आजूबाजूला बघा. तिथं वेल्डिंगची जाड रेघ आणि वर ताजा काळा रंग दिसला, तर त्या गाडीनं आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय. ऊस, वाळू, खडी ओढलेल्या गाड्यांचं हे पहिलं दुखणं. इंजिन नवं करता येतं, पण तडकलेली चेसिस पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. शेवटी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटलेला नंबर आरसीशी (गाडीच्या नोंदणीच्या कागदाशी) अक्षर न् अक्षर जुळवा. ट्रान्सफरच्या वेळी हा ठसा लागतोच. आधी बघितला तर फसवणूक आधी कळते.

तुमच्या पत्नीकडे वळतो. त्यांचं म्हणणं सावध आहे, पण हिशेब मांडून बघू. सहा टायरचा नवा ट्रक बॉडीसकट पंचवीस-तीस लाखांच्या घरात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे किंमत थोडी खाली आली, तरी घर तेच. समजा २८ लाखांची गाडी, तुमचे पाच लाख भरले, २३ लाख कर्ज, दहा टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता जवळजवळ ४९ हजार. दर महिन्याला. जुलैतही.

जुलैचं नाव मुद्दाम घेतलं. लातूरच्या आडतीतली वर्दळ तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली आहे. दसरा-दिवाळीला सोयाबीन, मग ऊस, जानेवारी-फेब्रुवारीत तूर, नंतर हरभरा. आणि पाऊस सुरू झाला की गाड्या अड्ड्यावर ओळीनं उभ्या. हे झालं बऱ्या वर्षाचं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्याखाली गेलं. दुष्काळ असो की पूर, शेतातून माल निघाला नाही की ट्रकला काय भरणार? नव्या गाडीचा हप्ता हे काही बघत नाही. ज्यांच्याकडे कंपनीचं बारमाही बांधलेलं काम आहे, जालन्याच्या स्टीलचं किंवा वाळूजच्या कारखान्यांचं, त्यांनी नवा घ्यावा, त्यांना तो परवडतो. शेतमालावर चालणाऱ्या एकट्या माणसाला नाही.

शिवाय २०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाड्यांचं तंत्र वेगळं. धूर साफ करायचं युरियाचं पाणी भरा, सेन्सर सांभाळा, दिवा लागला की लॅपटॉपवाला बोलवा. गाडी उत्तम चालते, पण रात्री दोन वाजता एखाद्या फाट्यावर उभी राहिली तर आपला नेहमीचा मिस्त्री पान्हा घेऊन काही करू शकत नाही. जुन्या गाडीचं हे सुख खरंच आहे, पंप-नोझलचं काम जाणणारा माणूस अहमदपूर, उदगीर, उमरगा कुठंही सापडतो.

मग काय घ्यायचं? २०१७ ते २०१९ मधली बीएस-४ (आधीच्या निकषाची), मालासकट वजन साडेसात टनांच्या आत असलेली गाडी. टाटाची ४०७ मधली मोठी, ७०९, किंवा आयशरची त्या गटातली. तोंड वाकडं करू नका. सहा टायरचा रुबाब सोडून छोट्या गाडीवर यायचं म्हणजे मनाला लागतं, ठाऊक आहे. पण तुमचा सिमेंटचा बेत बघा. सिमेंटचं भाडं टनावर ठरतं. त्याच रस्त्यावर बारा आणि चौदा टायरच्या गाड्या तुमच्या दुप्पट-तिप्पट माल एका ड्रायव्हरवर ओढतात. त्यांना जो दर परवडतो, त्यात तुमच्या दहा टनांच्या फेरीचं डिझेल आणि भत्ता कसाबसा निघेल. जास्त भरून भरपाई करू म्हणाल, तर ओव्हरलोडला २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. सहा टायर आज मधल्यामध्ये अडकलाय. मोठ्या मालाला छोटा, छोट्या मालाला मोठा.

चार-साडेचार टन नेणाऱ्या गाडीचं गिऱ्हाईक वेगळं आहे. डाळ मिलमधून निलंगा, उदगीर, उमरग्याच्या किराणा दुकानदारांना पोतं-पोतं माल पोचवायचा असतो. खेड्यातून दहा-दहा शेतकऱ्यांचं सोयाबीन गोळा करून आडतीत आणायचं असतं. खत, बियाणं, पत्रे, फरशी, मंडपाचं सामान. पावसाळ्यातही यातलं निम्मं काम चालू राहतं, आणि माणूस रात्री घरी येतो. या कामात चौदा टायरवाला येत नाही, गल्लीत वळणारच नाही त्याची गाडी.

भावाचाही प्रश्न इथंच सुटतो. जीपचं म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस साडेसात टनांपर्यंतच्या वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं. यात वजन म्हणजे भरलेल्या गाडीचं, आरसीवर लिहिलेलं. शेठच्या सोळा टनांच्या ट्रकला हात लावायचा तर त्याला हेवी लायसन काढावं लागेल. या गाडीवर तो उद्यापासून बसू शकतो. विम्याचंही बघा. साडेसात टनांपर्यंत थर्ड पार्टी २०२२ च्या दरानं १६,०४९, म्हणजे मोठ्याच्या निम्म्याहून कमी. आणि २०१८ ची गाडी घेतली तर नॅशनल परमिटची वाट २०३० पर्यंत मोकळी, कधी हैदराबादचं चांगलं भाडं आलंच तर. (बीएस-४ ला दिल्लीची दारं ३१ ऑक्टोबर २०२६ नंतर बंद होणार आहेत. जालन्याच्या मोसंबीवाल्यांनी ते ध्यानात ठेवावं, तुम्हाला त्याचं काही नाही.)

पैशाची मांडणी अशी. गाडी समजा आठ लाखांची. साडेतीन तुम्ही भरा, साडेचार कर्ज. जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं. सोळा टक्के धरा, तीन वर्षं. हप्ता १५,८०० च्या आसपास. तुमच्याकडे दीड लाख उरतात. त्यातून विमा आणि ट्रान्सफर झाल्यावर जे राहील ते गाडीचं. घरात लग्न निघालं, बोअर कोरडी गेली, तरी त्याला हात नाही. वेगळ्या खात्यावर ठेवा, खातं पत्नीच्या नावावर काढा. नव्यासाठी थांबायला सांगणारी बाई पैसा सांभाळेल.

तरी घाई नको, आधी एक काम करा. तुमच्याकडे फेऱ्यांची डायरी असणार; भत्त्याच्या हिशेबासाठी प्रत्येक ड्रायव्हर ती ठेवतो. गेल्या वर्षाची डायरी काढा आणि शेठच्या जागी स्वतःला बसवा. लातूर-हैदराबाद एका बाजूनं साधारण ३०० किलोमीटर. लिटरला पाच धरले तर जाऊन-येऊन १२० लिटर डिझेल, नव्वदच्या भावानं १०,८००. त्यात टोल, वाराई (माल चढवायची-उतरवायची हमाली), ताडपत्री-दोर, आणि टायरची झीज घाला. टायर लोक विसरतात. सहा टायरचे सव्वा लाख आणि ते साठ-सत्तर हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आसपास झाले. त्या फेरीला बाराशे रुपये नुसते टायरचे, जे त्या दिवशी खिशातून जात नाहीत म्हणून नफा वाटतात. मग फिटनेस, विमा, कर वर्षाच्या फेऱ्यांत वाटून घ्या. शेवटी स्वतःचा पगार लावा, आज शेठ देतात तेवढा. तो लावून शिल्लक राहत नसेल तर तुम्ही मालक झाला नाही, स्वतःकडेच बिनपगारी ड्रायव्हर झाला. हाच हिशेब छोट्या गाडीचा करा, त्यासाठी दोन-तीन आडत्यांना आणि एखाद्या डाळ मिलवाल्याला आत्ताच भेटा. ‘गाडी घेतली तर महिन्याला किती फेऱ्या द्याल?’ असं सरळ विचारा. दहा वर्षं माल न फोडता पोचवलेल्या माणसाला लोक खरं सांगतात.

वडिलांच्या रानाला हात लावू नका. गाडीचं मोल रोज उतरतं, आणि उतरणाऱ्या वस्तूपायी रान गहाण टाकत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. मुलाच्या मायेपोटी बोललेत.

शेठ फारच मागे लागले, किंवा तुम्हाला हीच गाडी सोडवेना, तर एकाच अटीवर: फक्त महाराष्ट्रातलं काम, नाव पहिल्या दिवशी, आणि किंमत साडेचारच्या वर नाही. नाव करताना फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, फायनान्सचा बोजा असेल तर त्यांची एनओसी (ना हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विम्याचं ट्रान्सफर वेगळं असतं, तेही १४ दिवसांतच टाका. गाडीवरची ई-चलनं परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघा. थकलेली चलनं असली तर ट्रान्सफर अडकतं आणि भरायची पाळी घेणाऱ्यावर येते. उरलेली रक्कम शेठना द्यायचीच असेल तर स्टॅम्पवर लिहून, बँकेतून. दहा वर्षांचा घरोबा आहे म्हणून कागद नको, असं शेठ म्हणाले तर हात जोडा आणि घरोबा टिकावा म्हणूनच कागद करू, असं म्हणा.

दुसरी गाडी बघायला लागाल तर जून ते ऑगस्टमध्ये बघा. तेव्हा गाड्या उभ्या असतात, हप्ते थकलेले असतात आणि विकणारा ऐकतो. दसऱ्याला घेऊ म्हणून थांबलात तर सगळा तालुका त्याच दिवशी गाडी घ्यायला निघालेला असतो, भाव पडत नाही. दसऱ्याला पूजा करा, गाडी आधीच दारात असू द्या. आणि तोवर शेठकडची नोकरी सोडू नका. गाडी घ्यायचा विचार सोडलाय की दुसरी बघताय, हे त्यांना कर्ज मंजूर झाल्यावर सांगितलं तरी चालेल.